घाईत घडलेले ड्रायव्हर

कराड-मिरजेकडच्या मालवाहतुकीच्या धंद्यात एक समज अगदी घट्ट बसलेला आहे: खरा ड्रायव्हर क्लीनरच्या सीटवरच घडतो. पाच-सहा वर्षं वस्तादाच्या हाताखाली काढायची, चाकांची हवा बघायची, ताडपत्री बांधायची, घाटात गाडी अडली की उडी मारून चाकामागे दगड लावायचा, शिव्या खायच्या. आणि मग कधीतरी पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर वस्तादाची मर्जी झाली तर स्टीअरिंग हातात यायचं. या समजाच्या पोटातच दुसरा एक असतो. पूर्वी काहीच येत नसताना महिन्या-दीड महिन्यात ड्रायव्हिंग स्कूलमधून बाहेर पडणारा पोरगा म्हणजे रस्त्यावरचा धोका, असा तो समज. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा गेल्या नव्वदेक वर्षांचा इतिहास पाहिला तर ही मांडणी टिकत नाही. इथे लॉरीचा धंदा उभा राहिला त्यात घाईघाईने तयार केलेल्या ड्रायव्हरांचा वाटा मोठा होता, आणि क्लीनरची शिडी ही धंद्यात येण्याची मुख्य वाट बनली ती त्यानंतर. ड्रायव्हर किती दिवसांत शिकला यापेक्षा शिकल्यानंतरचे पहिले काही महिने त्याने कोणाच्या सोबतीने गाडी चालवली, यावर त्याची घडण अवलंबून असते, असं माझं म्हणणं आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी या भागात मोटर चालवणारा माणूस दुर्मीळ होता. सांगली, मिरज, फलटण, औंध या संस्थानांच्या गॅरेजांत काही ड्रायव्हर होते, प्रवासी सर्व्हिस मोटरींवर काही होते. बाकी माल बैलगाडीने जवळच्या स्टेशनावर जायचा आणि पुढे रेल्वेने. १९१४च्या मोटार कायद्याने लायसन्स सक्तीचं केलं होतं, पण ते देताना खरी तपासणी किती व्हायची हे त्या त्या ठिकाणच्या अधिकाऱ्यावर असे. देशभर एकसारखी, तपशीलवार व्यवस्था आली ती १९३९च्या मोटार वाहन कायद्याने. त्यात परमिटं आली, वाहतूक प्राधिकरणं आली, पगारी ड्रायव्हरसाठी वेगळी नोंद आली, इतकंच काय, सलग किती तास गाडी चालवायची याची मर्यादाही आली. हा कायदा १ जुलै १९३९ला लागू झाला. दोन महिन्यांनी महायुद्ध सुरू झालं आणि ड्रायव्हर कसा घडवायचा याचा सारा हिशेबच बदलला.

हिंदुस्थानी फौज युद्धाच्या आरंभी दोन लाखांच्या आसपास होती. १९४५पर्यंत ती पंचवीस लाखांच्या घरात गेली. या फौजेला धान्य, दारूगोळा, पेट्रोल पोचवण्याचं काम रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरकडे होतं, आणि खेचरांच्या जागी लॉऱ्या येत होत्या. लॉऱ्या परदेशातून सुट्या भागांत येऊन जोडल्या जात. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८पासूनच होता. ड्रायव्हर मात्र जोडून मिळत नव्हते. ज्या देशात खेड्यातल्या माणसाने मोटर जवळून पाहिलेली नसायची, तिथे त्याला काही महिन्यांत तीन टनी लॉरी चालवायला शिकवणं भाग होतं, आणि ते शिकवलं गेलं. नांगर सोडून आलेल्या तरुणाला गिअर, क्लच, ब्रेक, नकाशावरच्या खुणा आणि रोजची गाडीतपासणी हे सारं ठरलेल्या क्रमाने शिकवून थेट ताफ्यात पाठवलं जाई. सातारा जिल्हा, ज्यात तेव्हा आजच्या सांगलीचा मोठा भाग मोडत होता, हा तर भरतीचा जुना प्रदेश. पहिल्या महायुद्धात शेहेचाळीस माणसं गमावलेलं अपशिंगे हे गाव याच जिल्ह्यातलं. दुसऱ्या महायुद्धात एकीकडे याच मुलखात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं आणि दुसरीकडे याच मुलखातली पोरं ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर सरकारचा माल वाहत होती. इतिहासाला विसंगतीचं वावडं नसतं.

लष्करी ड्रायव्हर झटपट तयार झाला, यापेक्षा त्याला एकटं सोडलं नाही ही बाब जास्त महत्त्वाची आहे. दिमापूरहून कोहिमामार्गे इंफाळला जाणारा रस्ता पावसाळ्यात दरडी आणि चिखलाने भरलेला असे. त्यावर नवखा ड्रायव्हर ताफ्यात चालत असे. पुढच्या गाडीशी किती अंतर राखायचं, कुठे थांबायचं, इंजिन कधी थंड करायचं, हे त्याच्या मर्जीवर नव्हतं. ताफ्याचा प्रमुख ते ठरवी, मागे दुरुस्तीची गाडी असे, मुक्कामावर गाडीची तपासणी होई. त्याच्याकडे लायसन्स होतं, पण निर्णयाची मोकळीक त्याला हप्त्याहप्त्याने मिळत होती. अपघात झाले नाहीत असं नाही. लष्करी वाहनांच्या अपघातांनी युद्धात माणसं मेलीच; त्यामुळे लष्कराचं शिक्षण निर्दोष होतं असा दावा करण्याची गरज नाही. मुद्दा इतकाच की कोरी पाटी असलेली हजारो माणसं काही महिन्यांत उपयोगी ड्रायव्हर झाली, आणि त्यामागे शाळा जितकी होती तितकाच ताफा होता.

युद्ध संपल्यावर फौज झपाट्याने कमी झाली आणि लष्कराच्या जादा गाड्या विक्रीला निघाल्या. हातात लष्करी लायसन्स असलेले लोक गावी परतले त्याच सुमारास धंद्याला उठाव आला. १९४८मध्ये एसटी सुरू झाली आणि प्रवासी वाहतूक टप्प्याटप्प्याने सरकारकडे गेली. खासगी मोटरमालकांना मालवाहतुकीचाच रस्ता मोकळा राहिला. रेल्वेचीही एक अडचण होती. पुणे-मिरज मार्ग मीटर गेज होता आणि पुण्याहून मुंबईकडचा ब्रॉड गेज. म्हणजे सांगलीची हळद किंवा गूळ मुंबईला पाठवायचा तर पुण्यात डबे बदलायचे, हमाली द्यायची, पोती फुटायची. हे गेज बदलायला १९७१ उजाडलं. मधल्या दोन दशकांत लॉरीला हे अंतर आंदण मिळालं होतं. पेठेतल्या वखारीतून निघालेला माल थेट मुंबईच्या मशीद बंदरात उतरे. शिवाय कोयना धरण. कराडहून पाटणकडे रेल्वे नव्हती, त्यामुळे पन्नास-साठच्या दशकांत पाटण खोऱ्यात जे काही सिमेंट-लोखंड चढलं ते रस्त्यानेच. त्याच काळात सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि उसाच्या वाहतुकीचा हंगामी बाजार तयार झाला. १९५४पासून जमशेदपूरच्या टाटा-मर्सिडीज-बेंझ गाड्या येऊ लागल्या. गाड्यांची संख्या वाढली, आणि फौजेतून आलेले ड्रायव्हर अर्थातच पुरेनात.

क्लीनरच्या शिडीची भरभराट झाली ती इथून. युद्धाआधीही गाडीवर दुसरा माणूस असे, हे मान्य. हँडल मारायला आणि घाटात दगड लावायला तो लागेच. पण ड्रायव्हर तयार करण्याची एकमेव व्यवस्था म्हणून तो नंतर पुढे आला. कारण सरकारने लायसन्स दिलं, कर घेतला, शिक्षण मात्र कोणी देईना. एकदोन गाड्यांच्या मालकाला शिकाऊ ड्रायव्हरवर पगार खर्च करणं परवडत नव्हतं. क्लीनर जेवणखाणावर आणि भत्त्यावर राबे, त्याचं शिकणं हीच त्याची उरलेली मजुरी. म्हणून पाच-सहा वर्षं लागत. गाडी चालवायला एवढा वेळ लागतो म्हणून नव्हे, तर तेवढा काळ स्वस्त हात मिळत राहावा म्हणून. वस्तादालाही घाई नसे: आज हुशार झालेला क्लीनर उद्या त्याच्याच भाड्यावर डोळा ठेवणार.

या शिडीने दिलं काय हेही प्रामाणिकपणे मोजायला हवं. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली यांसारखे घाट जुन्या गाड्यांवर काढायचे तर इंजिनाच्या आवाजावरून गिअर ओळखावा लागे, डबल क्लच जमावा लागे, उताराला चढाचाच गिअर ठेवण्याचं भान लागे. हे बाजूला बसून हजारदा पाहिल्याने अंगात मुरे. पण त्याच सीटवर बसून पोरगा दुसऱ्याही गोष्टी शिके: डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणं, झोप आली की तंबाखूचा बार भरून रेटत राहणं, जास्त भरलेला माल नाक्यावर चिरीमिरी देऊन काढणं. न्यूट्रलवर उतरलेल्या गाडीचे ब्रेक तापून निकामी होतात, ही गोष्ट वस्तादाला माहीत नसे असं नाही; मालक डिझेलचा हिशेब मागतो हेही त्याला माहीत असे. परंपरेने कसब जसं हातातून हातात जातं तशी खोडही जाते. जुन्या पद्धतीचं कौतुक करणारे हा अर्धा भाग गाळतात.

कायद्याने यावर काय केलं? १९८८च्या मोटार वाहन कायद्यात अट आहे की व्यावसायिक गाडीचं शिकाऊ लायसन्स हवं तर हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं असलं पाहिजे, आणि वय वीस पूर्ण हवं. १९८९च्या नियमांत ड्रायव्हिंग स्कूलसाठी व्यावसायिक वाहनाचं शिक्षण किमान तीस दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान पंधरा तास, असा हिशेब आहे. एक वर्षाची अट कागदावर शहाणपणाची वाटते. पण त्या वर्षात माणसाने गाडी चालवली की लायसन्स कपाटात ठेवलं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. ती कॅलेंडर मोजते. आठवी पासची अटही २०१९मध्ये काढून टाकली, आणि ते योग्यच झालं, कारण ती कसब नव्हे तर इयत्ता मोजत होती. जुलै २०२१पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची तरतूद आली: जड वाहनासाठी सहा आठवड्यांत अडतीस तास, आणि तिथे उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओची चाचणी माफ. पंधरावरून अडतीसवर येणं ही सुधारणाच आहे. एकोणचाळिसाव्या तासाला मात्र त्याच्या शेजारी कोणी नाही.

इथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की आता रस्ते बदलले. पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाला, खंबाटकीला बोगदा झाला, पॉवर स्टीअरिंग आलं. एवढ्या कसबाची गरजच उरली नाही. गिअर टाकणं सोपं झालं हे खरं, पण गाडीचं वजन आणि वेग दोन्ही वाढले. २०१८मध्ये दोन आसांच्या ट्रकचं मान्य एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं. बोगद्यातून पुण्याकडे बाहेर पडल्यावरचं ‘एस’ वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध झालं ते रस्ता चांगला असताना. जुना घाट ड्रायव्हरला आपोआप जपून चालवायला लावायचा; नवा उतार तसं करत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ड्रायव्हर मिळत नाहीत, गाड्या उभ्या राहतात, मग शिक्षण आणखी लांबवून कसं चालेल? पण टंचाई लायसन्सच्या दारात नाही. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस ठरवला, तो पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला. एकदोन गाड्यांचा मालक त्याच्या बाहेरच राहिला, आणि आपल्याकडचे बहुतेक मालक तसेच. तास अमर्याद आणि मुलगी द्यायला लोक कचरतात, अशा धंद्यात पोरं येत नसतील तर दोष प्रशिक्षणाच्या लांबीवर ढकलता येत नाही.

दरम्यान क्लीनर गाडीवरून उतरला. ट्यूबलेस टायरने पंक्चरचं काम कमी केलं, जकात गेली, २०१७मध्ये जीएसटीने राज्यांच्या सीमेवरचे करनाके उठवले, आणि भाड्यात दुसऱ्या माणसाचा खर्च बसेना. शिकण्याची शिडी म्हणून त्याची जागा काही अंशी छोट्या टेम्पोने घेतली. साडेसात टनांपर्यंतच्या मालगाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरेसं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये म्हटलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कायम केलं. त्यामुळे तासगावची द्राक्षं किंवा भिलवडीचं दूध वाहणारा तरुण आज लहान गाडीवर हात बसवून मग मोठीकडे वळतो. ही शिडी वाईट नाही, फक्त तिच्यावर तो एकटाच चढतो.

एकट्याने चढावं लागू नये अशी व्यवस्था नागरी जीवनातही होऊ शकते. एसटीने २०१९मध्ये जड वाहनाचा अनुभव नसलेल्या महिलांना ड्रायव्हर म्हणून घ्यायचं ठरवलं तेव्हा अनुभवाची अट शिथिल करून त्यांना दीर्घ प्रशिक्षण दिलं. त्यांतल्या अर्चना आत्राम यांनी जून २०२३मध्ये सासवड-नीरा मार्गावर बस चालवली, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या वेशीपर्यंतच. महामंडळाला हे जमतं कारण त्याच्याकडे डेपो आहे, निरीक्षक आहेत, ठरलेले मार्ग आहेत. एका लॉरीच्या मालकाकडे यातलं काहीच नाही. साखर कारखान्यांकडे मात्र बरंचसं आहे. ते दर हंगामात शेकडो वाहनांशी करार करतात, उचल देतात, फडापासून गव्हाणीपर्यंतचे मार्ग लहान आणि ठरलेले असतात, आणि काट्यावर प्रत्येक गाडी थांबतेच. नव्या ड्रायव्हरच्या पहिल्या हंगामात जुना माणूस सोबत असलाच पाहिजे आणि रात्रीच्या खेपा नकोत, एवढी दोन कलमं करारात घालायला नवा कायदा लागत नाही. उचलीची रक्कम ठरवणाऱ्या बैठकीतच ती घालता येतात.