वाळवी आणि खोडकिडा : लाकूड पचवण्याच्या दोन वाटा

टेंभुर्णीच्या शिवारात बांधावर बाभूळ असते, पलीकडे द्राक्षबाग. लाकडावर जगणारे दोन कीटक या दोन्हींना लागतात. एक खोडकिडा, म्हणजे सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर या लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी. दुसरी वाळवी. वाळवी मुंग्यांच्या गोतातली नव्हे, झुरळांच्या कुळातली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या संशोधकांनी २००७ साली डीएनएच्या आधारे ते ठामपणे मांडले.

लाकूड हे निकस अन्न. त्यात सेल्युलोज भरपूर, पण ते लिग्निनमध्ये जखडलेले. नत्र तर सहसा अर्धा टक्काही नसते. झुरळांच्या कुळाने यावर काढलेला तोडगा मला फार विलक्षण वाटतो. उत्तर अमेरिकेत आणि पूर्व आशियात कुजक्या ओंडक्यांत राहणारे क्रिप्टोसर्कस हे झुरळ वाळवीचे सर्वांत जवळचे नातलग. त्याच्या आतड्यातले एकपेशीय जीव सेल्युलोज फोडतात. पिल्ले हे जीव घेऊन जन्मत नाहीत. आईबापांच्या गुदद्वारातून येणारा द्रव पिऊन ती ते मिळवतात. त्यामुळे पचनासाठीच एकत्र राहावे लागते. वाळवीचे समाजजीवन अशाच सहवासातून वाढले असावे. आपल्याकडची ओडोन्टोटर्मिस ही वाळवी आणखी पुढे गेली. तिच्या आतड्यात ते एकपेशीय जीव उरलेले नाहीत. ती वारुळात बुरशी वाढवते आणि वाळलेल्या लाकडाचा चोथा त्या बुरशीकडून मऊ करून घेते.

खोडकिड्याची अळी मात्र एकटीच. मादी सालीला चीर पाडून अंडे घालते. आईचा आधार तेवढाच. पुढे अळी जिवंत खोड पोखरत महिनोन् महिने आत राहते. या भुंगेऱ्यांच्या कुळातल्या अ‍ॅनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिसच्या जनुकसंचाचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पेशीभित्तिका फोडणारी त्याची कित्येक जनुके मुळात जीवाणू आणि बुरशींकडून आलेली निघाली. वाळवीला जे सोबत्यांकडून घ्यावे लागते, त्यातले बरेचसे याच्या रक्तातच आहे. शिवाय जिवंत झाडाच्या सालीखालचा ओला थर वाळक्या लाकडापेक्षा कसदार असतो.

अळी एकटी, वाळवी समूहात; उपायही त्यामुळेच वेगळे पडतात. बुंध्याशी ताजा भुसा दिसला, की छिद्रात तारेचा आकडा घालून अळी ओढून काढतात आणि छिद्र मातीने लिंपतात. खोडावर मातीचा लेप दिसला, तर कामकरी वाळव्या वेचून काहीच साधत नाही. वारूळ खणून राणीपर्यंत जावे लागते.