घरच्या बंदरातले जहाज आणि कारागिरांची थकलेली मजुरी

१/ जहाजाची दुरुस्ती झाली, बिल थकले आणि जहाज नांगर उचलून निघून गेले. सुताराने, लोहाराने, शिडे आणि दोरखंड पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने आता पैसे कोणाकडे मागायचे? अमेरिकेत या प्रश्नाला देशभर एकच उत्तर मिळायला जवळपास शतक लागले. त्याची ही कथा.

२/ सागरी कायद्याचे उत्तर जुने होते: मालक हाती लागत नसेल, तर खुद्द जहाजच देणेकरी. सातबारावर जसा बोजा चढतो, तसा थकलेल्या रकमेचा बोजा जहाजावर चढतो आणि बंदरोबंदरी त्याच्यासोबत फिरतो. न्यायालय जहाज जप्त करून त्याचा लिलाव करू शकते. हाच ‘मेरिटाइम लियन’.

३/ पण १८१९ साली ‘जनरल स्मिथ’ जहाजाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यात एक भेद केला. जहाज बाल्टिमोरचे, सामान पुरवले गेले तेही बाल्टिमोरमध्येच. न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी ठरवले की परदेशी किंवा परराज्यातील जहाजाच्या दुरुस्तीवर सागरी कायदा बोजा देतो. घरच्या बंदरात मात्र राज्याचा कायदा देईल तेवढाच हक्क. मेरीलँडच्या कायद्यात तसा हक्क नव्हता. पुरवठादार हरला.

४/ यामागचा तर्क असा की परक्या बंदरात कप्तानाला कोणी ओळखत नाही, म्हणून उधारी जहाजाच्या भरवशावर मिळते. घरी ती मालकाची पत पाहून दिली जाते. दुरुस्तीसाठी ताब्यात घेतलेले जहाज पैसे मिळेपर्यंत अडवून धरण्याची मुभा कारागिराला होती. पण ताबा सुटला की हक्कही सुटला.

५/ ही उणीव राज्यांनी भरून काढली. लुइझियानाच्या कायद्याने घरच्या जहाजावरही बोजा दिला. १८३३ साली ‘पेरू विरुद्ध हॉवर्ड’ खटल्यात, न्यू ऑर्लिन्समध्ये दुरुस्त झालेल्या ‘प्लँटर’ या आगबोटीवर तो बोजा संघराज्याच्या सागरी न्यायालयाने बजावणे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

६/ काही राज्ये याच्याही पुढे गेली. कॅलिफोर्निया आणि आयोवा यांनी स्वतःच्या न्यायालयांना थेट जहाजावर दावा चालवण्याचा अधिकार दिला. १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मोझेस टेलर’ आणि ‘हाइन विरुद्ध ट्रेव्हर’ या खटल्यांत तो रद्द ठरला. सागरी बाबतीत थेट जहाजाविरुद्ध दावा चालवण्याचा अधिकार केवळ संघराज्याच्या न्यायालयांचा!

७/ म्हणजे हक्क राज्याचा, दार संघराज्याचे. आणि तेही सदैव उघडे नव्हते. घरच्या जहाजावरील असे दावे सागरी न्यायालयांनी ऐकावेत, असा नियम १८४४ साली झाला. १८५९ साली तो मागे घेतला गेला. १८७२ साली दार पुन्हा उघडले. कारागीर तेच, काम तेच. वर्ष बदलले की न्याय बदलत होता.

८/ सर्वांत कठोर धडा ‘लोटावाना’ या आगबोटीच्या खटल्याने दिला (१८७४-७५). न्यू ऑर्लिन्स हे तिचे घरचे बंदर. लुइझियानाचा कायदा पुरवठादारांच्या बाजूने होता, पण बोज्याची नोंद करण्याची अट त्यांनी पाळली नव्हती. न्यायमूर्ती ब्रॅडली यांच्या निकालाने १८१९ चा भेद कायम राहिला. बोट विकून आलेल्या पैशांत पुरवठादारांचा हक्क उरला नाही.

९/ अखेर २३ जून १९१० रोजी अमेरिकी काँग्रेसने कायदा केला: जहाज परके असो वा घरचे, मालकाच्या किंवा त्याच्या अधिकृत माणसाच्या सांगण्यावरून दुरुस्ती वा आवश्यक पुरवठा करणाऱ्याला सागरी बोजा मिळेल. या बाबतीतले राज्यांचे कायदे बाजूला सारले गेले.

१०/ एक कोपरा मात्र राज्यांकडेच राहिला: नव्या जहाजाची बांधणी. ‘जेफरसन’ या फेरीबोटीच्या खटल्यात (१८५७-५८) न्यायालय म्हणाले होते की बांधणीचा करार जमिनीवर होतो आणि जमिनीवरच पुरा होतो, म्हणून तो सागरी नव्हे. त्यामुळे जुन्या जहाजाची फळी बदलणाऱ्याला सागरी कायद्याचा आधार आहे. सगळे जहाज घडवणाऱ्याला आजही राज्याच्या कायद्याकडेच पाहावे लागते.