सोलापूर पंप : एका हापशाची जन्मकथा

सोलापूरचे नाव चादरीने देशभर नेले, हे सर्वांना ठाऊक आहे. या शहराचे नाव एकेकाळी एका हातपंपालाही मिळाले होते, हे मात्र खुद्द सोलापुरातही फारसे कुणाच्या स्मरणात नाही. सत्तरच्या दशकात तो ‘सोलापूर पंप’ म्हणून ओळखला जाई. आज गावोगावच्या वेशीवर आणि शाळेच्या आवारात दिसणारा हापसा त्याच्याच कुळातला. या हापशाचा इतिहास म्हणजे एका बिघाडाचा आणि त्याच्या अचूक निदानाचा इतिहास आहे.

आधी जमिनीकडे पाहू. दख्खनच्या काळ्या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. वरचा थर उन्हाळ्यात आटला की आड कोरडे पडतात. वर बसवलेला पंप पाणी शोषून घेतो असे आपण म्हणतो. खरे तर हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि हा दाब पाण्याला फार तर 10 मीटर उंच चढवू शकतो. प्रत्यक्षात सात मीटरच्या पुढे भरवसा उरत नाही. त्याहून खोल पाणी काढायचे तर सिलिंडरच पाण्यात बुडवून, लांब सळईने त्याचा दट्ट्या वरखाली करावा लागतो.

बिहारच्या 1966-67 च्या दुष्काळानंतर युनिसेफने कठीण खडक फोडणारी यंत्रे भारतात आणली. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राला बोअरचे मोल कळले. काही तासांत खडकात भोक पडू लागले. त्यावर बसवले गेले ते बिडाचे हातपंप. युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी घडवलेल्या पंपांच्या या नकला होत्या. थोड्याच दिवसांत ते बंद पडू लागले. 1974 च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा बसवलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद असल्याचे आढळले. कोट्यवधी रुपये खर्चून पाडलेली भोके, खाली पाणी, आणि वर मुका लोखंडी दांडा!

गावकऱ्यांना यंत्र वापरता येत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. खरे कारण मोजणीत दडले होते. जो पंप एका कुटुंबाने दिवसातून चार-दोन वेळा हापसावा म्हणून बनवला होता, त्याच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत सारा गाव रांग लावून उभा होता. दांड्याच्या सांध्यांत तीन-तीन खिळी, त्याही बेअरिंगविना. खिळी झिजली की दांडा डुगडुगे, सळई तिरकी ओढली जाई, बीड तडके, नटबोल्ट ढिले होऊन हरवत.

हे निदान आधी झाले ते मराठवाडा-सोलापूर भागात बोअरची कामे करणाऱ्या मिशनऱ्यांच्या कार्यशाळांत. जालन्याच्या मिशनने बिडाऐवजी पोलाद वापरून एकाच सांध्याचा पंप बनवला. सोलापूरच्या वेल सर्व्हिसने ती वाट पुढे नेली. दांड्याच्या टोकाला वर्तुळाची चतकोर आणि तिच्यावरून सळईला जोडणारी साखळी, अशी ही रचना. साखळीमुळे दांडा कमानीत फिरला तरी सळई सरळ रेषेतच वरखाली होते. कल्पना साधी होती, पण झीज नेमकी जिथे होत असे तिथेच तिने उपाय केला.

पुढे भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी सोलापूर पंप हाच आधार धरून नवा पंप घडवला. त्याच्या चाचण्या कोइमतूर परिसरातल्या खोल बोअरवर झाल्या. नाव पडले ‘इंडिया मार्क टू’. 1979 मध्ये त्याचे भारतीय मानक ठरले. या रचनेवर कुणाचे पेटंट ठेवले नाही, हा निर्णय यंत्राइतकाच मोलाचा ठरला. कोणत्याही कारखान्याने मानकाबरहुकूम पंप बनवावा, एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसावा. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत असे लाखो पंप भारतात आणि आफ्रिकेत पोचले. युगांडात त्याचाच एक अवतार ‘यू-टू’ नावाने नांदतो.

बिघाड संपले असे नाही. ते ओळखता येण्याजोगे झाले. पुष्कळ वेळ हापसल्यावर धार लागते, तेव्हा बहुधा तळाची झडप गळत असते. धार बारीक झाली तर सिलिंडरमधला वाटीसारखा वायसर झिजलेला असतो. दांडा एकाएकी हलका झाला तर सळई तुटली किंवा सुटली. कटकट आवाज येतो, तेव्हा साखळी ग्रीस मागत असते. पण ग्रीस गावातला माणूस लावू शकतो. वायसर बदलायला मात्र सगळे लोखंडी पाइप बाहेर काढावे लागतात आणि तालुक्याच्या पथकाची वाट पाहावी लागते. चामड्याच्या एका चकतीपायी बायांना आठवडेच्या आठवडे दूरच्या विहिरीवर जावे लागे. म्हणून ऐंशीच्या दशकात ‘मार्क थ्री’ आला. त्याचा पाइप रुंद ठेवला, म्हणजे पाइप न उपसता दट्ट्या आणि झडप वर ओढता येतात. पंपाच्या मजबुतीइतकेच दुरुस्ती करणारा किती कोसांवर आहे यालाही महत्त्व असते, हा धडा त्यातून मिळाला.

गॅलिलिओने 1638 च्या आपल्या ग्रंथात एका पंपाची हकीकत दिली आहे. पंप पाणी देईना, म्हणून कारागिराला बोलावले. तो म्हणाला, दोष पंपात नाही. पाणी फार खाली गेले आहे. त्या उत्तराचा माग काढताना गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली हवेच्या दाबापर्यंत पोचला. सोलापूर जिल्ह्याला हे उत्तर आज वेगळ्या अर्थाने ऐकावे लागते. शेजारच्या शेतांत शेकडो फूट खोल बोअर आणि त्यांत विजेवर चालणारे पाणबुडी पंप उतरले, आणि हापशाचे सिलिंडर जिथे टांगलेले होते तिथले पाणी निघून गेले. साखळी शाबूत, वायसर नवा, दांड्याला ग्रीस लावलेले; तरीही धार नाही. अशा हापशाची दुरुस्ती पान्याने होणार नाही. ती आसपासच्या शिवारात कोण किती पाणी उपसतो, याच्या हिशेबापासूनच सुरू करावी लागेल.