फोनपर नको बोल

माझ्या लहानपणी नंदुरबारहून ट्रंक कॉल लावायचा तर ऑपरेटरला नंबर द्यायचा आणि वाट पाहत बसायचे. लाइन तोच जोडायचा, म्हणून ऐकूही शकायचा. अम्मीची सवय तेव्हाची. आज सुरत, मालेगाव आणि नंदुरबारची आम्ही भावंडे ग्रुप कॉलवर येतो आणि सोयरिकीचा किंवा वाटणीचा विषय निघाला की ती म्हणते, "फोनपर नको बोल, घर आ के बोल."

तिची भीती निराधार नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारला संदेश अडवण्याचा अधिकार दिला होता. १८ डिसेंबर १९९६ रोजी पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फोनवरचे बोलणे खासगीपणाच्या हक्कात मोडते असे म्हटले आणि टॅपिंगसाठी गृहसचिवांच्या आदेशाची अट घातली. अट आली, पण वाटेत ऐकणे शक्यच होते.

ते अशक्य करण्याचा मोठा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धात झाला. १९४३ मध्ये अमेरिकेने वॉशिंग्टन आणि लंडनमधील बोलण्यासाठी 'सिगसॅली' यंत्रणा सुरू केली. आवाजाचे आकडे करून त्यांत गोंगाट मिसळला जाई. त्याच गोंगाटाची तबकडी दुसऱ्या टोकालाही असे, म्हणून तिथे बोलणे पुन्हा उलगडे. तबकडी एकदा वापरली की नष्ट करत. एका टोकाच्या यंत्राचे वजन ५० टनांहून जास्त होते!

तेच काम आता खिशातला फोन करतो. व्हॉट्सअॅपवर एप्रिल २०१६ मध्ये सर्वांसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आले, २०१८ मध्ये चार जणांचे ग्रुप कॉल. दोघांत एक किल्ली ठरवणे सोपे, अनेकांत अवघड. सिग्नल अॅपमध्ये प्रत्येक फोन आपल्या आवाजाची किल्ली इतर प्रत्येकाला स्वतंत्रपणे, कुलूपबंद पाठवतो. मधला सर्व्हर आवाज पुढे धाडतो, पण उघडू शकत नाही. कॉलमधून कोणी गेले की किल्ली बदलते, म्हणजे गेलेल्याला पुढचे ऐकता येत नाही.

तरी २०१९ मध्ये 'पेगासस' व्हॉट्सअॅपच्या कॉल सुविधेतल्या फटीतून थेट फोनमध्ये शिरले. ज्यांना त्याचा इशारा मिळाला, त्यांत नागपूरचे वकीलही होते. रस्त्यावरचे कुलूप शाबूत होते, चोर घरात होता.

अम्मीला मी समजावले, आता मधे ऑपरेटर नाही, वाटेत कुणी ऐकत नाही. तिने विचारले, "और सुरतवाले कमरे में कौन कौन बैठा है?"

याचे उत्तर कोणत्याही एन्क्रिप्शनकडे नाही. आता कॉल लागला की स्पीकर चालू आहे का आणि जवळ कोण आहे, हे आम्ही आधी सांगतो.