ब्रूजमधली बायकांची वस्ती

आज आपण घरबसल्या एका दिवसाची सहल करू. युरोपातल्या बेल्जियम देशाची राजधानी ब्रसेल्स. तिथून रेल्वेने साधारण तासाभरात ब्रूज हे जुनं शहर येतं. जागोजागी कालवे, दगडी पूल, आणि चौकात 83 मीटर उंच घंटेचा मनोरा. त्याच्या 366 पायऱ्या चढायला प्रवाशांची रांग लागते. आपण मात्र स्टेशनापासून जवळच्याच एका वेशीतून आत शिरू.

आत मोठं हिरवं अंगण, उंच झाडं आणि भोवती पांढरी घरं. ही वस्ती 1245 च्या सुमारास वसली, फक्त बायकांसाठी. त्यांना बेगिन म्हणत.

त्या काळी तिथल्या बाईपुढे मुख्य वाटा दोनच, लग्न नाहीतर मठ. मठात जायचं तरी पुष्कळदा हुंड्यासारखी रक्कम द्यावी लागे. शिवाय एकदा नन झाली की परतीची वाट बंद. बेगिनींनी तिसरी वाट काढली. त्या प्रार्थना करायच्या, वस्तीचे नियम पाळायच्या. पण जन्मभराची शपथ घ्यायच्या नाहीत. लोकरीचं काम करून, आजाऱ्यांची सेवा करून पोट भरायच्या. आपली मालमत्ता आपल्याच हाती ठेवायच्या. वाटलं तर वस्ती सोडून लग्नही करता यायचं. कारभार पाहायची त्यांच्यातलीच एक प्रमुख बाई.

हे सगळ्यांना कसं रुचणार? नवरा नाही, मठ नाही, मग यांच्यावर हुकूम कुणाचा? मार्गरिट पोरेट या बेगिनीनं देवाविषयी पुस्तक लिहिलं. ते चुकीचं होतं असं ती म्हणेना, म्हणून 1310 साली पॅरिसमध्ये तिला जिवंत जाळलं. त्यानंतर थोड्याच काळात चर्चच्या मोठ्या सभेनं बेगिनींच्या राहणीलाच दोषी ठरवलं. ब्रूजची वस्ती मात्र टिकली, कारण तिला राज्यकर्त्यांचं संरक्षण होतं.

आज तिथे बेगिनी नाहीत. 1927 मध्ये तिथे नन राहायला आल्या. जगातली शेवटची बेगिन 2013 साली बेल्जियममध्येच वारली. अशा वस्त्यांना 1998 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं.

संध्याकाळ झाली, वेस बंद होते आहे. परतताना एक प्रश्न सोबत घेऊ. आपल्यापैकी किती जणींच्या नावावर घर आहे, आणि किती जणींची कमाई स्वतःच्या हाती राहते? गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना नक्की विचारा.