मागच्या सीटचं अंथरूण

मायक्रो कॅम्परची, म्हणजे झोपायची सोय केलेल्या घरच्या लहान गाडीची, कुळकथा सांगायची एक रूढ रीत आहे. आधी घोड्यांनी ओढायच्या घरगाड्या, मग मोटारीमागे जोडायची कॅराव्हॅन, मग इंजिनासह एकसंध मोटारहोम, आणि शेवटी तेच मोटारहोम आटत आटत घरच्या गाडीत येऊन बसलं. ही वंशावळ ऐकायला सरळ वाटते, पण पुरावे तिच्या बाजूने नाहीत. मोटारहोमचं कूळ घरापासून निघतं: आधी खोली, मग तिला चाकं. घरच्या गाडीत केलेल्या कॅम्परचं कूळ निघतं ते सीटपासून. बसायची जागा रात्रीपुरती झोपायची कशी करायची आणि सकाळी ती पुन्हा बसायची कशी व्हावी, एवढाच त्याचा मूळ प्रश्न होता. पुढे दोन्ही कुळांची सोयरीक झाली, तरी उगम वेगळेच राहतात. तो फरक ध्यानात आला की अशी गाडी करू पाहणाऱ्याची बरीचशी गफलत टळते, कारण बहुतेक जण लहान गाडीत घर कोंबायला जातात आणि तिथेच फसतात.

पहिल्या कुळाचा अस्सल नमुना म्हणजे १८८५ मधली ‘वाँडरर’. ब्रिटिश नौदलातले निवृत्त डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ती ब्रिस्टलच्या कारखान्यातून बांधून घेतली. निव्वळ हौसेच्या भटकंतीसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन असा तिचा मान आहे. लांबी सुमारे १८ फूट, वजन जवळजवळ दोन टन, आणि आत चक्क दिवाणखाना. पैसा आणि सवड असलेल्या माणसाचं हे प्रवासी घर होतं. मोटार आल्यावरही श्रीमंतांची भटकंती याच चालीने चालली. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि हार्वी फायरस्टोन १९१५ ते १९२४ या काळात एकत्र मुक्कामी सहली काढत. त्यांच्या ताफ्यात तंबूंचं सामान, आचारी आणि स्वयंपाकाचा वेगळा ट्रक असे. पण याच फोर्डच्या कारखान्यातून १९०८ पासून बाहेर पडणारी ‘मॉडेल टी’ घेऊन जे सामान्य अमेरिकन रस्त्यावर उतरले, त्यांच्याकडे आचारी नव्हता आणि दुसरी गाडीही नव्हती. त्यांनी गाडीच्या पायफळीला तंबूची एक कड बांधली आणि गाडीचीच भिंत केली. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे अशाच प्रवाशांनी ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही संघटना स्थापन केली. गावोगावच्या नगरपालिकांनी त्यांच्यासाठी मुक्कामाची मैदानं खुली केली. मायक्रो कॅम्परचे खरे पूर्वज हे लोक आहेत, कारण त्यांची अडचण आजच्या घरगुती गाडीच्या मालकाचीच होती: गाडी एकच, आणि सोमवारी ती कामाला हवी.

या अडचणीला कारखान्याने दिलेलं पहिलं ठळक उत्तर १९३६ चं. विस्कॉन्सिनमधल्या केनोशाच्या नॅश कंपनीने त्या वर्षी आपल्या सेडान गाड्यांत पलंगाची सोय दिली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. मागच्या सीटची पाठ बिजागरीवर वर उचलली जाई, त्यामुळे प्रवासी कक्ष आणि डिकी यांच्यामधला पडदा दूर होई. मग सीटची गादी उचलून सपाट पातळीवर टेकवायची. डोकं आणि खांदे गादीवर, पाय डिकीत, अशी दोन मोठी माणसं आडवी होऊ शकत. बाहेरून पाहणाऱ्याला ती चारचौघांसारखी सेडान दिसे. १९३८ मध्ये नॅशने बाहेरची हवा गाळून आणि तापवून आत सोडणारी यंत्रणा आणली; पुढे ती ‘वेदर आय’ नावाने ओळखली गेली. १९४९ मध्ये पुढची सीट पूर्ण मागे पडू लागली आणि अख्खं अंथरूण प्रवासी कक्षातच सामावलं. पुढे गादी आणि खिडकीच्या जाळ्याही विकत मिळू लागल्या. गादी, हवा, जाळी: आजही गाडीत झोपणारा माणूस सगळ्यात आधी याच तीन गोष्टींची तजवीज करतो. सोव्हिएत संघात १९५६ पासून बनलेल्या ‘व्होल्गा’ गाडीतही पुढची सीट पाडून अंथरूण करता येई. एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेल्या दोन अर्थव्यवस्थांना कुटुंबाच्या गाडीत हीच सोय सुचावी, याला मी मोठा पुरावा मानतो. गरज कॅराव्हॅनच्या फॅशनमधून आलेली नव्हती. लांबचा रस्ता आणि एकुलती एक गाडी यांतून ती दोन्हीकडे उभी राहिली.

सीटनंतरची पायरी पेटीची, आणि या कुळकथेतला माझ्या मते सर्वांत हुशार क्षण तोच. जर्मनीत फोक्सवॅगनच्या ट्रान्सपोर्टरचं उत्पादन मार्च १९५० मध्ये सुरू झालं. इंजिन मागे, चालक अगदी पुढे, आणि मधे मोकळी चौकोनी जागा. ऱ्हेडा-वीडेनब्र्युक इथल्या वेस्टफालिया या १८४४ पासून गाड्यांचे सांगाडे बांधणाऱ्या कारखान्याने १९५१ मध्ये या जागेसाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. कपाट, शेगडीची जागा आणि उलगडून पलंग होणारी बैठक असं सामान सुटं बसवायचं आणि सुटंच काढायचं. युद्धाने मोडलेल्या देशात दुकानदाराला किंवा कारागिराला हौसेसाठी वेगळी गाडी परवडणं शक्यच नव्हतं. आठवडाभर माल वाहायचा, शनिवारी पेटी चढवायची, रविवारी रात्री उतरवून कोपऱ्यात ठेवायची. गाडीला भोक नाही, कायमचा फेरफार नाही, गाडीचा मूळ धर्म शाबूत. आज झेक, स्विस किंवा जपानी कारखाने डिकीत बसणाऱ्या ज्या प्लायवुडच्या पेट्या विकतात, किंवा घरचा सुतार जी बनवून देतो, त्या सगळ्या याच पेटीच्या लेकी-नाती आहेत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. वेस्टफालियाची पेटी पुढे पेटी राहिलीच नाही. पन्नासचं दशक सरेपर्यंत पक्क्या फर्निचरचे कॅम्पर तयार होऊ लागले, मग वर उचलणारी छपरं आली. इंग्लंडात फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीची ‘डॉर्मोबाइल’ याच वाटेने गेली: आधी व्हॅनमध्ये पाडून झोपायच्या सीट, नंतर छप्पर, सिंक, कपाटं. मग मायक्रो कॅम्पर हा मोटारहोमचाच एक टप्पा, असं का म्हणू नये? माझं उत्तर असं की ही वाट पेटीची उन्नती नव्हती, तिने पेटीचा मूळ करार मोडला. पक्कं फर्निचर बसलेली गाडी वर्षातले थोडे दिवस घर असते आणि उरलेले दिवस अडचण. मुलांना शाळेत सोडायला, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला, लग्नाचं सामान आणायला मग दुसरी गाडी लागते. कॅम्पर सधन कुटुंबाची दुसरी गाडी झाला तो इथपासून. ज्यांच्याकडे एकच गाडी होती, त्यांच्यात जुना करार टिकून राहिला. १९६१ ची ‘रेनो ४’ पाहा: सपाट तळ, मागे पूर्ण उघडणारं दार आणि काढता येणारी मागची सीट. १९९६ ची सित्रोएन बर्लिंगो आणि १९९७ ची रेनो कांगू यांनी मालवाहू व्हॅनचा चौकोनी देह कुटुंबाला वापरायला दिला. युरोपातले आजचे छोटे कॅम्पर बहुतांशी याच जातीच्या गाड्यांत होतात. मोटारहोम लहान करत कोणी इथवर आलं नाही, कुटुंबाची गाडीच चौकोनी आणि सपाट होत गेली.

जपानमध्ये हा नियम आणखी स्पष्ट दिसतो. तिथल्या ‘केइ’ वर्गातल्या गाडीला कर आणि पार्किंगच्या सवलती आहेत, पण माप कडक: १९९८ पासून लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची दोन मीटर आणि इंजिन ६६० सीसीच्या आत. या मापात जागा काढायची तर चालकाला पुढे सरकवून मागे सरळ डबा करावा लागतो. अशा व्हॅनमध्ये मागे १.९ मीटरच्या आसपास सपाट लांबी मिळते, म्हणजे माणूस पाय पसरून झोपू शकतो. १९९३ मध्ये ‘मिची-नो-एकी’ नावाची रस्त्याकडेची विश्रांतिस्थानं १०३ ठिकाणी सुरू झाली. चोवीस तास पार्किंग आणि स्वच्छतागृह हे तिथलं मुख्य देणं. आता ती बाराशेच्या वर आहेत. तिथे डुलकी काढा, पण मुक्काम ठोकू नका, अशी सरकारची भूमिका आहे. तरीही गाडीत रात्र काढण्याची जपानी प्रथा या स्थानांच्या आधारानेच फोफावली.

गाडीत झोपायला एवढा खटाटोप कशाला, सीट मागे पाडली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. त्याचं उत्तर दुर्दैवाने जपाननेच दिलं. २३ ऑक्टोबर २००४ ला निगाता प्रांतात चुएत्सूचा भूकंप झाला. धक्के थांबेनात म्हणून हजारो लोक घराबाहेर आपल्या गाड्यांत झोपू लागले, आणि त्यांतल्या काहींचा मृत्यू भूकंपाने नव्हे, तर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून झाला. पाय तासन्‌तास लटकलेले, गुडघे दुमडलेले, पाणी कमी प्यायलेलं: पायाच्या शिरेत गुठळी धरायला एवढं पुरतं. २०१६ च्या कुमामोतो भूकंपातही हेच पुन्हा घडलं. सीट पाडणं आणि अंथरूण करणं यांत किती अंतर आहे ते इथे कळतं. पाय हृदयाच्या पातळीला येतील आणि कूस बदलता येईल अशी सपाट, पुरेशी लांब जागा हा या वस्तूचा प्राण आहे. बाकी सगळं सजावट.

म्हणून पेटी बनवताना मी स्वयंपाकाला शेवटचं स्थान देईन. घरच्या हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडल्यावर तिची पाठ डिकीच्या तळापेक्षा उंच राहते आणि मधे पायरी पडते, शिवाय थोडा उतार. पेटीचं पहिलं काम ही पायरी भरून काढण्याचं. पेटीची उंची पाडलेल्या सीटच्या सर्वांत उंच भागाबरोबर ठेवायची, पुढची सीट पुढे सरकवून जी फट उरते तिच्यावर उलगडणारी फळी टाकायची, म्हणजे लांबी जुळते. पेटी उंच केली तर खाली सामान जास्त मावतं, पण वर ताठ बसता येत नाही. ही ओढाताण प्रत्येक गाडीत आहे आणि तिथे मी नेहमी डोक्याच्या बाजूने कौल देईन. पेटी गाडीतल्या मूळ हुकांना पट्ट्यांनी घट्ट बांधलीच पाहिजे. ब्रेक जोरात दाबला तर सुटी पेटी चालकाच्या पाठीवर येते. रात्री दोन माणसांच्या श्वासातली वाफ काचांवर पाणी होऊन साचते, म्हणून दोन काचा बोटभर उघड्या आणि त्यांना जाळी. आणि शेगडी आत कधीच पेटवायची नाही. बंद जागेतल्या ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही. चहा मागचं दार उघडून, बाहेर उभं राहून करावा.

एवढं करण्यापेक्षा तंबू स्वस्त आणि हलका, हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. कोरड्या ऋतूत, ओळखीच्या जागी तंबू उत्तमच. पण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात तंबू ठोकून पाहणाऱ्याला गाडीच्या पत्र्याचं आणि कुलपाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडे या वस्तूसाठी गाड्या केव्हाच तयार आहेत. १९८४ ची मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, सुझुकीच्या केइ व्हॅनचीच सख्खी बहीण. इंजिन फक्त ७९६ सीसीचं. तिचा वारसा आता २०१० मध्ये आलेल्या ईकोकडे आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा आखूड लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि जपानसारखंच मापाच्या आतली जागा शोधणं आपल्याकडेही सुरू झालं. २००९ मध्ये इथे आलेल्या होंडा जॅझने इंधनाची टाकी पुढच्या सीटखाली नेऊन मागचा तळ खाली आणला. कायद्याचं पाहिलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनी कारखान्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार करायला मज्जाव केला आहे. सीट कायमच्या उपटून, छप्पर कापून कॅम्पर करणाऱ्याला हा निकाल सरळ आड येतो. पट्ट्यांनी बांधलेली आणि सोमवारी उतरवलेली पेटी मात्र माझ्या समजुतीने सामान ठरते. नोंदणी पुस्तकातली एकही ओळ तिने बदलत नाही. १९५१ मध्ये गरिबीने सुचवलेला सुटेपणा आज आपल्याला कायद्यासाठीही हवा आहे.

अडचण उरते ती थांबण्याची. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्याच्या डोळ्यांपुढे मोठी कॅराव्हॅन आणि तिच्यासाठी बांधलेली उद्यानं आहेत, म्हणजे पहिलं कूळ. गोव्याने २०१९ मध्ये पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यावर बंदी घातली. किनाऱ्यांची दशा पाहता ती मला योग्य वाटते. ईकोत दोन पोरांना घेऊन निघालेल्या कुटुंबाला ना उद्यान हवं, ना विजेची जोडणी. मुंबई–गोवा महामार्गावर किंवा आंबोलीच्या वाटेवर ठरावीक अंतराने उजेड असलेली, राखण असलेली जागा, बाईमाणसाला रात्री दोन वाजताही निर्धास्त जाता येईल असं स्वच्छतागृह आणि प्यायचं पाणी, एवढंच त्यांना लागतं. त्याचा उपयोग ट्रकच्या केबिनमध्ये रात्र काढणाऱ्या चालकांना आधी होईल. धोरणात पुढची दुरुस्ती होईल तेव्हा या थांब्यांना कॅराव्हॅन उद्यानांच्या आधी पैसा मिळायला हवा.