काटा काहून अडला?

वऱ्हाडात ज्यांच्या दारात अजून फियाट किंवा ॲम्बेसेडर उभी आहे, त्यांना एक दुखणं चांगलं ठाऊक असतं: गाडी धावते, पण वेगमापकाचा काटा जागचा हलत नाही. अमरावतीच्या गॅरेजात वडिलांच्या हाताखाली मी मीटरदुरुस्तीचं काम शिकलो. नवी केबल टाकण्याआधी ते गिऱ्हाइकाला सांगत, "पयले पाहू, काहून तुटली थे." आमच्या धंद्याची खरी कमाई मी या सवयीतच मोजतो.

ऑटो शुल्त्से या जर्मन माणसाने १९०२ मध्ये ज्या वेगमापकाचं पेटंट घेतलं, त्याच तत्त्वावर पुढे जगभरच्या मोटारींची मीटरं चालली. गिअरबॉक्समधून निघालेली केबलची पोलादी तार नळीत फिरत मीटरपर्यंत येते आणि तिथलं चुंबक फिरवते. चुंबकाजवळ ॲल्युमिनियमची वाटी असते, पण दोघांचा स्पर्श होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीजप्रवाह उठतो, वाटी ओढली जाते आणि बारीक स्प्रिंग तिला आवरून धरते. वाटीला जोडलेला काटा वेग दाखवतो. अंतराचे आकडे मात्र त्याच तारेच्या फिरण्यावर, दातेरी चक्रांनी सरकतात.

आपल्याकडच्या जुन्या परदेशी गाड्यांची मीटरं मैलात होती. पुढे गाड्या इथेच बनू लागल्या: उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० निघू लागली आणि सत्तरच्या दशकात तीच 'पद्मिनी' झाली. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर रस्त्याकडेचे दगड मैलांचे किलोमीटरांचे झाले. त्या बदलाच्या काळात जुन्या मीटरवरचे ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर, हा हिशेब मिस्त्री तोंडी करत.

अमरावतीहून मूर्तिजापूर, बोरगाव मंजूवरून अकोल्याला जाणारा रस्ता केबलची परीक्षा पाहणारा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो, काळ्या मातीची धूळ फटीफटीत शिरते. नळीतलं ग्रीस वाळून घट्ट होतं. मग काटा आधी थरथरतो, डॅशमागून टकटक ऐकू येते आणि एक दिवस सगळं थांबतं.

निदान असं करायचं. काटा चालतो पण आकडे सरकत नाहीत, तर मीटरमधलं दातेरी चक्र गेलं. आकडे सरकतात पण काटा मेला, तर वाटी किंवा स्प्रिंग बिघडली. दोन्ही थांबले, तर केबल किंवा गिअरबॉक्समधलं तार फिरवणारं छोटं दातेरी चक्र (पिनियन). मीटरमागची चकती हाताने सैल करून केबल सोडवायची आणि आतली तार ओढून काढायची. तुटलेलं टोक पीळ पडलेलं दिसलं, तर समजायचं की मीटर जाम आहे. तशा मीटरला नवी तार लावली, तर तीही तुटणार. तार फरशीवर ठेवून बोटांनी लोळवायची. सरळ तार गुळगुळीत लोळते, मुडपलेली उड्या मारते. मुडप सापडली की नळी कुठे काटकोनात दाबली गेली आहे ते शोधायचं, कारण तिला मोठं, सैल वळण लागतं.

ग्रीस लावतानाही हात आवरता हवा. वडील तारेच्या खालच्या दोन तृतीयांश भागाला पातळ ग्रीस लावत आणि वरचा भाग कोरडा ठेवत. फिरती तार ग्रीस वर चढवते. ते मीटरात शिरलं की वाटीला चिकटतं आणि काटा खोटं बोलू लागतो.

याच अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्यावरून आज धावणाऱ्या नव्या गाड्यांत ही तार नाही. सेन्सर वेग मोजतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण जुन्या गाड्या राखणाऱ्यांनी दोन गोष्टी जरूर कराव्यात. मीटर किंवा केबल बदलली त्या दिवशीचा आकडा आणि तारीख वहीत लिहून ठेवावी, कारण केबल तुटलेल्या काळातला प्रवास मीटरवर कधीच उमटत नाही. आणि मिस्त्रीला नुसतं 'केबल बदल' म्हणू नये. ती काहून तुटली, हे त्याच्याकडून समजून घ्यावं. तो प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक आहे, तोवर उत्तर शोधणारा मिस्त्रीही राहील.